सत्तराचं एकसष्ट

आमच्या मावशीला उजेडात चष्मा लागतो, अंधारात लागत नाही. एकोणतीस वर्षं ती हवाई मोजणीच्या ऑफिसात डार्करूममध्ये होती. विमानातून जंगलांचे, नद्यांचे फोटो काढायचे आणि रुंद फिल्मचे डबे हिच्या दाराशी आणून ठेवायचे. त्या फिल्मा कापणं, जोडणं, धुणं हे हिचं काम. त्यातल्या बऱ्याचशा इन्फ्रारेड, म्हणजे लाल रंगाच्याही पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा उजेड टिपणाऱ्या. तिथे मिणमिणता लाल दिवासुद्धा चालायचा नाही. मिट्ट काळोख. माणसं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून प्रत्येकानं तोंडानं काहीतरी आवाज करत चालायचं, अशी तिथली रीत होती. कोणी शीळ घाली, साहेब खाकरत. मावशी जिभेनं टक् टक् करायची, म्हणून ऑफिसात तिचं नाव पडलं पाल.

"पाल चुकचुकली, सरका रे!"

मावशीचा नवरा, म्हणजे आमचे काका, शिंपी. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. डार्करूमच्या दाराला जाड काळे पडदे हवे होते, ते शिवायचं काम त्यांच्याकडे आलं आणि तपासायचं काम पालीकडे. तिनं दिवे घालवून आत उभं राहून पडदा पाहिला आणि परत पाठवला.

"मास्तर, तुमच्या शिलाईतून उजेड येतो."

"बाई, सुई भोक पाडते. भोकाशिवाय शिवणारा शिंपी सापडला तर मलाही दाखवा, पाया पडतो."

"मग दुसरी शिलाई अशी घाला की या भोकासमोर ते भोक येणार नाही."

ही गोष्ट दोघं मिळून सांगतात आणि सांगताना भांडतात. मावशी म्हणते, पडदा पाच वेळा परत केला. काका म्हणतात, सहा. "आणि सहाव्यांदा पडद्यात काही खोट नव्हती. तू उगाच परत केलास." यावर मावशी उठून कपबशा गोळा करायला लागते.

दोन वर्षांपूर्वी काकांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला. डॉक्टर म्हणाले, कडेचं दिसत राहील, पण फिकट. मधलं परत येणार नाही. मावशीनं आणखी दहा डॉक्टर केले आणि दहा जणांनी तेच सांगितलं. घराच्या पुढच्या खोलीतलं दुकान चालू राहिलं. सरळ शिलाया काका बोटांनी घालत. कापायला मात्र धजत नसत.

एक दिवस जेवण झाल्यावर ते म्हणाले, "अगं, एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"आधी सांगा, मग ठरवते."

"तुझा चेहरा आठवायला बसलो की ती पडदे परत करणारी पोरगीच समोर येते. नंतरची तू येत नाहीस. आवाज येतो, पावलं येतात, चेहरा येत नाही. थोड्या दिवसांनी तीही पोरगी पुसली जाईल असं वाटतं."

"बरंच आहे की. तरुण बायको फुकटात," मावशी म्हणाली आणि आत गेली. नळ कितीतरी वेळ उगाच वाहत होता, असं काका सांगतात.

त्यानंतर तिनं सपाटाच लावला. स्वतःचे फोटो मोठे करून आणले, आणखी मोठे करून आणले. काका मान वाकडी करून, कागद नाकाशी नेऊन बघत आणि म्हणत, "राख फासल्यासारखं आहे सगळं. यात तू कुठे आणि भिंत कुठे?" मावशी कागद गुंडाळून ठेवी. आधीच तिला स्वतःचा फोटो आवडत नसे.

मग एकदा काकांनी बटणांचा खण पुरता बाहेर ओढला. तळाशी मावशीनं ऑफिसातला एक टाकाऊ फोटो पसरलेला होता. काकांची मान खणावर कलली ती तशीच राहिली.

"हे काय गं पांढरं? कापूस सांडलाय?"

"कुठे?"

"हे काय, काळ्यात."

मावशीनं बटणं बाजूला सारली. विमानातून घेतलेला नदीकाठ होता तो. झाडांची ताजी पानं तो पलीकडचा उजेड परत फेकतात म्हणून इन्फ्रारेडमध्ये पांढरीशुभ्र येतात आणि पाणी तो गिळतं म्हणून काळंकुळकुळीत. मधल्या करड्या छटा फार कमी.

"ही नदी ना?" काकांनी बोट ठेवलं. "इथे वळली. मग इथे परत." बोट पाण्यावरून एकदाही न घसरता कागदाच्या टोकापर्यंत गेलं. मावशीनं ते बोट घट्ट धरलं.

"अगं सोड, मला पुढे जायचंय."

"पुढे कागद संपला हो."

फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीखाली एक डबा होता. ऑफिसातला तो विभाग बंद झाला तेव्हा एका रोलचं शेपूट उरलं होतं. साहेबांनी फेकायला सांगितलं आणि मावशीनं मागून घेतलं. का, ते तिलाही सांगता येत नव्हतं. चार मीटरच्या आतबाहेर इन्फ्रारेड फिल्म, मुदत कधीच उलटलेली. तसली आता कुठे मिळत नव्हती. घरातल्या जुन्या, घडी होणाऱ्या कॅमेऱ्यासाठी ताणूनतुणून तिचे चार रोल झाले असते. पण हवाई फिल्म सत्तर मिलिमीटर रुंद, तीही दोन्ही कडांना भोकं पाडलेली, आणि त्या कॅमेऱ्यात बसते ती एकसष्ट.

"नऊ जास्त आहेत," मावशी म्हणाली.

"मग आत घेऊ," काका म्हणाले. "कपडा मोठा झाला म्हणून कोणी माणूस बदलत नाही."

लाकडाची एक पेटी त्यांनी दोघांनी मिळून केली. तळाला फिल्म सरकेल एवढी सत्तरची खाच. एका भिंतीपासून बरोबर एकसष्टवर उभं ब्लेड. वर मखमल लावलेलं झाकण, ओरखडे नकोत म्हणून. भिंतीपासून ब्लेडपर्यंतचं अंतर काकांनी नखानं तपासलं आणि ब्लेड तीनदा हलवायला लावलं. "साठ आणि थोडं आहे. अजून. अजून. हां." मावशीनं पट्टी लावून पाहिली. बरोबर एकसष्ट.

त्या कॅमेऱ्याच्या साध्या रोलमधली फिल्म काढून मागचा काळा कागद आणि रीळ ठेवून घेतलं. त्या कागदाला ही कापलेली फिल्म चिकटवायची आणि दोन्ही मिळून गुंडाळायची. हे सगळं अंधारात. भरदुपारी न्हाणीघराच्या खिडकीला दोन पदरी चांदीचा कागद लावला, दाराला पडदा, पडद्याखाली टॉवेल. चमकणारे काटे म्हणून घड्याळ बाहेर, फोन बाहेर. मावशीच्या अंगठ्यांचे सांधे धरलेले, फिल्म घट्ट धरवत नव्हती. म्हणून काकाही आत.

दार लागलं.

"आता कसं वाटतं?" मावशीनं विचारलं.

"तुझं मला माहीत नाही. मी आता तुझ्या बरोबरीचा झालो."

मावशीनं डबा उघडला. "ओठ ओले करा आणि हे टोक लावून बघा. जी बाजू चिकटते ती चित्राची बाजू."

"चिकटलं."

"मग ती बाजू आपल्याकडे. कागदाकडे पाठ."

"एकोणतीस वर्षं तू सरकारी फिल्मचे मुके घेत होतीस तर! आणि घरी येऊन म्हणायचीस, दमले."

"हसू नका, हात हलतो."

काकांनी मागून सोडायची, मावशीनं पुढून ओढायची. निम्मी फिल्म छान आली. मग खाच जरा अडली आणि मावशीनं ऑफिसातल्या मशीनच्या सवयीनं झरकन ओढली.

"काहीतरी चमकलं," काका म्हणाले.

मावशीचा हात थांबला. कोरड्या हवेत फिल्म झटक्यानं ओढली की विजेची बारीक ठिणगी पडते आणि फिल्मवर फांद्याफांद्या उमटतात. अख्खा रोल गेला होता. पण तिनं विचारलं ते भलतंच.

"तुम्हाला दिसलं?"

"निळं. डावीकडे. तुला नाही दिसलं?"

"नाही हो. मी समोर बघत होते."

"म्हणजे अंधारातसुद्धा तू समोरच बघतेस!"

दोघं न्हाणीघराच्या फरशीवर बसून हसत होते. चारातला एक रोल वाया गेला आणि आम्ही हसत होतो, मावशी अजून नवलानं सांगते. दुसऱ्या वेळेला आधी गरम पाण्याची बादली भरून ठेवून हवा दमट केली आणि जागा बदलली. मावशी सोडणार, काका ओढणार. "कापड ओढायचं नसतं, जाऊ द्यायचं असतं," काका म्हणाले. "फक्त ते कुठे जातंय तिकडे बोटाचं लक्ष पाहिजे." या वेळी नऊ मिलिमीटरची पट्टी, भोकांसकट, एका लांबीत निघाली.

त्या रोलवर मावशीनं स्वतः बारा फोटो काढले. भिंगावर जवळजवळ काळी वाटणारी गडद लाल काच, आणि समोर रस्त्याकडेची झाडं, समोरचं घर, दुकानाची पायरी. आधी हात बसू दे, मग माझं बघू, असं तिचं म्हणणं.

फिल्म धुतली, वाळवली, पायरीचा फोटो मोठा करून छापला. काका बाहेर खुर्चीत वाट बघत होते. मावशी बाहेर आली ती फोटो टेबलावर आपटतच.

"काय झालं?"

"अक्कल गहाण टाकली होती मी."

"अगं, पण झालं काय?"

"या कॅमेऱ्याच्या पाठीवर छोटी खिडकी असते ना, कितवा फोटो आहे तो आकडा बघायला? तिला लाल काच आहे. लालच्या पलीकडचा उजेड लाल काचेतून आरपार जातो, हे मी नव्या पोरांना एकोणतीस वर्षं घोकून घेतलं. विमानातल्या कॅमेऱ्याला तसली खिडकीच नसते, म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही. मागून उजेड शिरला. बाराच्या बारा फोटोंत बरोबर मधोमध गोळा!"

"कसा गोळा?"

"पांढराधोप. बाजूची झाडं सगळी छान आलीत. पण जे बघायचं तेच गेलंय."

काका म्हणाले, "कडेकडेनं सगळं आहे आणि मध्ये डाग?"

"हो."

"अगं वेडे, हा तर माझा फोटो. मला असंच दिसतं. फरक इतकाच की माझा डाग करडा आहे."

मावशी खाली बसली. दोन वर्षं ती डॉक्टरांकडून हे ऐकत होती, काकांकडून ऐकत होती. पण पाहिलं नव्हतं. तिनं तो फोटो भिंतीला टेकवून ठेवला आणि बघू लागली. पायरीच्या फोटोत पायरीवर काय होतं ते बघायचं, तर मधे गोळा. नजर जरा बाजूला नेली, तरी गोळा आपल्या जागी.

"आणि हा डाग तुम्ही जिकडे बघाल तिकडे येतो?"

"माझ्याआधी पोचतो."

"मग..." मावशी अडखळली. "मग मी बोलत असते तेव्हा तुम्ही तोंड फिरवता..."

"तुझ्याकडे बघायचं तर दाराकडे तोंड करावं लागतं. सरळ बघितलं तर तू नसतेसच. दाराकडे बघितलं तर कोपऱ्यात थोडी असतेस."

"मला वाटायचं, कंटाळता माझ्या बोलण्याला."

"कंटाळतोही. पण तेव्हा तोंड तुझ्याकडे असतं."

त्या दिवशी पुढे बरीच बोलणी झाली असावीत. ती मला कोणी सांगितली नाहीत.

तिसऱ्या रोलच्या वेळी मागच्या खिडकीवर काळ्या चिकटपट्टीचे तीन थर बसले. आता आकडे दिसणार नव्हते, तेव्हा फिल्म पुढे सरकवायच्या किल्लीचे फेरे मोजायचे. मावशीनं आधी नुसता कागद घालून गणित बसवलं होतं: सुरुवातीला दीड फेरा, मग सव्वा, शेवटी शेवटी एक. हे पाठ काकांनी केलं.

"फेरे मी मोजणार असेन तर फोटोही मीच काढतो," ते म्हणाले. "आणि झाडं पुरे झाली. झाडं मला वाऱ्यावरून कळतात. तू बस."

"तुम्ही कसा काढणार?"

"तो पलीकडचा उजेड तुला दिसतो?"

"मला कुठून दिसायला. कोणालाच दिसत नाही."

"मग त्या उजेडापुढे सगळेच माझ्यासारखे. तू तरी काय, मापावरच काढतेस ना?"

मागच्या अंगणात ऊन होतं. मावशीनं शिलाईचं टेबल तिथे आणून त्यावर कॅमेरा पक्का बसवला, समोर स्टूल ठेवून ते चौकटीत आणलं. काका म्हणाले, "तो काळा कोट घाल. मी शिवलेला."

"या उन्हात?"

"फोटोत घाम दिसत नाही."

माझे डोळे जायच्या आधीचा शेवटचा कपडा, असं ते त्या कोटाला म्हणत. मावशी कोट घालून बसली. काका गळ्यातली टेप घेऊन आले. तिच्यावर दर दहावर त्यांनी दोऱ्याची गाठ घातलेली आहे. दीड मीटरची टेप, कॅमेऱ्यापासून दोनदा टाकत ते तिच्यापर्यंत पोचले.

"नाक कुठाय?"

"जिथे होतं तिथेच."

"तीन मीटर. भिंगाचा काटा तीनवर लावू?"

"नाही. हा उजेड भिंगातून थोडा मागे जाऊन जुळतो. काटा जरा जवळ घ्यायचा. पावणेतीनच्या किंचित आत."

"म्हणजे शिलाईला कापड सोडतो तसं. मग सरळ सांगायचं की." त्यांनी काटा बोटानं चाचपत आणला. "श्वास धर."

बटण दोन मोजेपर्यंत दाबून धरायचं होतं. काका "एक" म्हणून थांबले, "दोन" म्हणून थांबले आणि सोडलं. मग कॅमेऱ्यावर कान ठेवून किल्ली फिरवली. असं बारा वेळा. सातव्या वेळेला मावशी म्हणाली, "अहो, पाठ भरून आली." काका म्हणाले, "गिऱ्हाइकानं माप देताना बोलू नये."

फिल्म धुऊन वाळल्यावर मावशीनं चौथा फोटो निवडला आणि हातभर लांबीचा छापला. औषधात कागदावर चित्र वर येऊ लागलं तेव्हा ती एकटीच मोठ्यानं हसली.

"काय गं?" पडद्याबाहेरून काका.

"तुमचा काळा कोट पांढरा आलाय! रंग त्या उजेडाला अडवतच नाही."

"महिनाभर खपून काळा शोधला होता मी! परत कर ती फिल्म."

पण मग मावशीनं चेहऱ्याकडे पाहिलं. इन्फ्रारेडमध्ये कातडी दुधासारखी येते, सुरकुत्या विरघळतात. कागदावरची बाई तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होती. हे त्यांना दाखवायचं म्हणजे पुन्हा खोटीच बायको दाखवायची, असं तिच्या मनात आलं. तरी ओला कागद तसाच बाहेर आणला आणि उन्हात धरला.

काकांनी दाराकडे तोंड केलं. मग मान आणखी थोडी वळवली. खालच्या कडेवर बोट फिरवलं.

"ही काजं कसली?"

"फिल्मची भोकं. एका कडेची कापली, दुसऱ्या कडेची राहिली."

"हं." मान आणखी कलली. मावशीचे हात भरून आले. "दिसतंय का काही?" तिनं हळूच विचारलं.

"मागे काळं. त्यात तू. कोट स्वच्छ दिसतोय." बोट कागदावरून सरकत वर गेलं, एका बाजूनं खाली आलं, दुसऱ्या बाजूला जाऊन थांबलं. "हा खांदा."

"माझाच आहे."

"खांदा तुझा आहे. पण शिलाई खांद्यावर नाही, दंडावर आहे. दोन बोटं उतरलीय. कॉलर मानेपासून सुटलीय. इथे काखेत झोळ." काकांचा आवाज बदलला होता. "हा कोट मी तुझ्या अंगावर बेतला होता. सुईच्या टोकाएवढाही ढिला नव्हता."

"इन्फ्रारेडमध्ये तसं दिसतं."

"रंगाचं काहीही दिसू दे. मापाचं मला शिकवू नकोस. किती उतरलीस?"

"उन्हातान्हात एवढी धावपळ झाली ना हल्ली..."

"कधीपासून?"

मावशीनं कागद खाली घेतला. काकांनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि पुन्हा डोळ्याच्या कडेला धरला. दोन वर्षं ती त्यांना वाढत होती आणि स्वतः ओट्याशी उभ्या उभ्या काय खात होती ते त्यांना दिसत नव्हतं. तिनंही ते कोणाला दिसू दिलं नव्हतं.

"खाल्लं की पोटात दुखतं," ती म्हणाली. "पाचसहा महिने झाले. म्हटलं, आधी तुमच्या डोळ्यांचं काय ते होऊ दे."

"माझ्या डोळ्यांचं झालं. हे काय, दिसलीस." काका उठले. भिंतीला हात लावत दाराशी गेले, मावशीच्या चपला आणून तिच्या पायाशी ठेवल्या. "चल. डॉक्टर सहापर्यंत असतो."

"फोटो अजून वाळायचाय. वाकडा होईल."

"होऊ दे. कोटही घाल, त्याला दाखवायचा आहे."

"मास्तर, मे महिना आहे!"

"मग हातात घे."

दुपारच्या रस्त्यावरून दोघं निघाले. मावशीच्या एका हातावर कोट होता आणि दुसरा हात काकांनी धरला होता. नेहमी ती त्यांना नेत असे, आज ती अर्धं पाऊल मागे होती. कोपऱ्यावर काका थांबले आणि त्यांनी तोंड भलतीकडेच, समोरच्या घराच्या भिंतीकडे वळवलं.

"आता काय?" मावशी म्हणाली.

"काही नाही. बघतोय तुझ्याकडे."